श्री. हत्तुरे यांना ‘नमुना’ म्हणून माळशिरसला न नेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य समन्वयक,
महाविद्यालयीन वसतिगृह प्रशिक्षण कक्ष,
सोलापूर.

अर्जदार : कु. निवेदिता चिंतामणी आराध्ये, एम.एस्सी. (प्राणिशास्त्र), कंत्राटी प्रशिक्षक.

विषय : गृहपालांच्या शिबिरात कार्यालयातील कर्मचाऱ्यास ‘प्रात्यक्षिका’साठी उभे केल्याबाबत, आणि माळशिरस व मंगळवेढा येथील शिबिरांसाठी त्यास नेण्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) दि. ६ नोव्हेंबर २०२५ चे शिबिर.
२) कक्षाचे दि. १० नोव्हेंबरचे पत्र (‘नमुना’ कार्यालयीन वाहनाने पाठविणेबाबत).
३) कक्षाचे दि. १२ नोव्हेंबरचे पत्र (अर्जदाराचा तज्ज्ञ अभिप्राय मागविणेबाबत).

महोदय,

१. अर्जदार जूनपासून आपल्या कक्षात कंत्राटी प्रशिक्षक आहे. महाविद्यालयीन वसतिगृहांच्या गृहपालांना लैंगिकता आणि लिंगभाव या विषयाची पहिली ओळख करून देण्याचे काम आपणच तिला दिले व विषयही आपल्याच टिप्पणीने मंजूर झाला. शिबिराच्या दिवशी आपण पुण्याच्या बैठकीला होता. त्यामुळे सभागृहात जे घडले ते आपल्यापर्यंत ‘शिबिर यशस्वी’ एवढ्या दोन शब्दांत पोहोचले असावे. सबब हा अर्ज. तो लांबला आहे याची अर्जदाराला कल्पना आहे, परंतु मधले काही गाळले तर शेवटी केलेली विनंती वेडगळ वाटेल.

२. या अर्जात ‘किळस’ हा शब्द येणार आहे. तो रागाच्या भरात आलेला नाही, म्हणून त्याचा खुलासा आधीच करणे बरे. अर्जदाराने पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यांतील पट्टकृमींवर काम केले. खाटीकखान्यातून बादलीत आतडी आणायची, ती उभी चिरायची, आतला हातभर लांब कृमी तुटू न देता सोडवून घ्यायचा, हे रोजचे काम होते. त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून तिने डबा खाल्लेला आहे. घरी गेल्यावर वडील आधी कपडे बादलीत भिजत घालायला लावत आणि मग विचारत, “आज काय निघालं गं?” आणि सांगितलेले सगळे जेवता जेवता ऐकून घेत. आपल्याला किळस म्हणून येत नाही, असा अर्जदाराचा स्वतःविषयी समज होता. दि. ६ रोजी दुपारी तो समज खोटा ठरला. तेव्हापासून तिला कार्यालयातला चहा घशाखाली उतरत नाही.

३. सकाळचे सत्र चांगले झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. अर्जदाराने सांगितले की माणसाचे शरीर ही एक गोष्ट, आपण बाई आहोत, पुरुष आहोत की दोन्हींत न बसणारे आहोत ही आतली जाणीव ही दुसरी गोष्ट, आणि मन कुणाकडे ओढले जाते ही तिसरी. लोक या तिन्हींची खिचडी करतात आणि मग घोटाळे होतात. आपल्याच लिंगाच्या व्यक्तीकडे ओढ असेल तर समलिंगी, दोन्हींकडे असेल तर उभयलिंगी, वेगळ्या लिंगाकडे असेल तर विषमलिंगी, शरीरसंबंधाची ओढच फारशी वाटत नसेल तर अलैंगिक. जन्माच्या वेळी लोकांनी ठरवलेले लिंग आणि आतली जाणीव जुळत नसेल तर पारलिंगी. जन्मतः शरीराचीच घडण ठरावीक दोन साच्यांत बसत नसेल तर आंतरलिंगी. या सगळ्यांना मिळून एक सैलसा शब्द म्हणजे क्वीअर. तो इंग्रजीत एके काळी शिवी म्हणून फेकला जायचा; ज्यांच्यावर फेकला त्यांनीच तो उचलून स्वतःच्या नावासारखा वापरायला घेतला.

गृहपालांनी मनापासून प्रश्न विचारले. बार्शीकडच्या एक बाई म्हणाल्या, “आमच्याकडं दोघी मैत्रिणी एकाच ताटात जेवत्यात. मग त्यांचं बी असंच म्हणायचं का?” अर्जदार म्हणाली, “ताटावरून भूक कळते, एवढंच.” सभागृह हसले, आणि ते हसणे चांगले होते. पूर्व भागातील मुलींच्या वसतिगृहाच्या गृहपाल श्रीमती धनलक्ष्मी येमूल यांनी विचारले, “मग मॅडम, आमी वळकायचं कसं?”

“ओळखायचं नाही. कुणी येऊन सांगितलं तर ऐकायचं. आणि तिनं सांगितलेलं दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“मग सोप्पं हाय की,” असे म्हणून त्यांनी ते लिहून घेतले. खरे तर पूर्ण शिबिराचे सार त्या एका उत्तरात येऊन गेले होते.

४. यानंतर किंक, म्हणजे चाकोरीबाहेरच्या लैंगिक आवडी, हा विषय आला. तो का आला याविषयी कार्यालयात बरेच बोलले जात आहे, म्हणून खुलासा. शिबिराआधी गृहपालांच्या अडचणी विचारल्या होत्या. त्यांत एकीने लिहिले होते की तिच्या वसतिगृहातल्या पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीला तिचा मित्र मारतो, आणि ‘आजकाल असंच असतं, मोबाइलवर बघ’ असे सांगून तिला गप्प करतो. तिला काय सांगावे? अशा प्रश्नाला ‘घाण आहे, बघू नको’ हे उत्तर होत नाही.

अर्जदाराने सांगितले की अशी प्रौढ माणसे असतात, स्त्री-पुरुषांच्या जोडप्यांतही असतात, ज्यांना एकमेकांच्या संमतीने बांधणे, बांधून घेणे, हुकूम देणे किंवा पाळणे, वेदना देणे किंवा सोसणे यात सुख वाटते. त्यांचे गट असतात आणि त्या गटांत नवख्यांना आधी नियम शिकवतात. काय चालेल आणि काय चालणार नाही हे आधी शुद्धीत, कपडे अंगावर असताना, बोलून ठरते. एक शब्द ठरतो. तो शब्द कुणीही उच्चारला की सगळे त्या क्षणी थांबते आणि ‘का’ असे कुणी विचारत नाही. नंतर एकमेकांची विचारपूस होते. हे न पाळणाऱ्याला त्या लोकांतही कुणी जवळ करत नाही. तेव्हा त्या मुलीला एवढेच विचारायचे : तुला आधी विचारलं होतं का? तू थांब म्हटल्यावर तो थांबला का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती मारहाण आहे, तिला दुसरे नाव नाही.

सभागृहात ‘शी’ उमटली. काही जणींनी पदर तोंडाला लावला. एक गृहस्थ उठून व्हरांड्यात गेले, थुंकले आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसले. सहायक समन्वयक श्री. नाईकनवरे म्हणाले, “मॅडम, घाण पुरे. लोकांना जेवायचंय अजून.” मसालेभात आणि शेंगाची चटणी असे जेवण होते. हात धुण्याच्या जागी तेच थुंकलेले गृहस्थ अर्जदाराजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मॅडम, पडद्यावरचं ते मघाचं पान तेवढं मोबाइलवर टाका की. अभ्यासाला.” त्यांच्यानंतर आणखी एकांनी तेच मागितले. बाकीची पाने त्यांना नको होती. अर्जदाराची यास हरकत नाही. कुतूहल हे तिच्या मते माणसाचे चांगले लक्षण आहे. परंतु थुंकणाऱ्यांची ही किळस किती खोल होती, ते आपल्या ध्यानात यावे म्हणून येथे नोंदवले.

५. आता प्रात्यक्षिक. आपल्या कक्षाच्या शिबिरांना एक ठरलेला साचा आहे : व्याख्यान, जेवण, प्रात्यक्षिक, आभार. आग विझवण्याच्या शिबिरात अंगणात रद्दी पेटवून नळकांडे फवारले गेले. सर्पदंशाच्या शिबिरात रबरी साप होता. हात धुण्याच्या शिबिरात मंचावर बादली-तांब्या आणून सर्वांनी हात धुतले. प्रात्यक्षिकाचा फोटो जोडल्याशिवाय अहवाल पुढे जात नाही आणि शिबिर पूर्ण धरले जात नाही. हा नियम साप आणि साबणासाठी योग्य आहे.

अर्जदाराने यासाठी एक छोटा प्रसंग बसवला होता. घाबरलेली विद्यार्थिनी गृहपालांकडे येते व काही सांगू लागते, आणि गृहपालांनी तिला कसे ऐकून घ्यावे, असा तो प्रसंग होता. दोघी गृहपाल तो करून दाखवायला तयारही होत्या. श्री. नाईकनवरे यांना तो पसंत पडला नाही. “हे नाटक झालं, मॅडम. प्रात्यक्षिकाला वस्तू लागती,” असे ते म्हणाले. अर्जदाराला वाटले ते फलक किंवा तक्ता म्हणत आहेत. ती म्हणाली, तक्ता गाडीत आहे, आणते.

६. पुढील मजकुरातील सुरुवातीचा भाग अर्जदाराने स्वतः पाहिलेला नाही, कारण ती तक्ता आणायला खाली गेली होती. तो श्रीमती येमूल यांनी सांगितला असून त्यांची सही सोबत आहे.

श्री. गुरुशांत संगप्पा हत्तुरे हे कक्षात डेटा एंट्रीचे काम करतात. गाव अक्कलकोट तालुक्यात, घरी कानडी, वय सव्वीस, तीन वर्षे कंत्राटावर. त्या दिवशी लॅपटॉप आणि प्रोजेक्टर त्यांच्याकडे होता. त्यांचा आवाज मऊ आहे आणि चाल हलकी आहे. कार्यालयात त्यांना ‘गुरूबाई’ म्हणतात हे अर्जदाराला, तिचे टेबल वरच्या मजल्यावर असल्याने, त्या दिवशी प्रथम कळले.

श्री. नाईकनवरे माइकवरून म्हणाले, “बाहेरून कशाला आणायचं? आपल्या घरचंच हाय की. ये रे गुरू, पुढं ये.”

“नको सर.”

“ये की. लाजतोय काय नव्या नवरीवानी?”

“सर, प्रोजेक्टर बंद पडंल.”

“पडू दे. आता तुलाच बघायचंय समद्यांनी.”

ते पुढे आले. तिसऱ्यांदा ‘नको’ म्हणाले तेव्हा माइक त्यांच्या तोंडासमोर धरलेला होता, त्यामुळे तो नकार शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेला आणि लोक हसले.

अर्जदार तक्ता घेऊन आत आली तेव्हा श्री. हत्तुरे यांना दारापर्यंत चालायला सांगून परत बोलावले जात होते. श्री. नाईकनवरे यांच्या हातात फळ्यावर रेघा मारायची लाकडी पट्टी होती. ती श्री. हत्तुरे यांच्या मनगटाला लावून ते म्हणाले, “ह्ये बघा. चालताना हात कसा पडतोय, नीट बघून घ्या. वसतिगृहात असं कोण दिसलं तर वळकता आलं पायजे.” मग प्रश्न सुरू झाले. मुली बघायला गेलास का? किती बघितल्यास? पसंत पडल्या न्हाईत का तुला जमणार न्हाई? मागच्या रांगेतून कुणीतरी पुस्ती जोडली, “पोरं दाखवा, मग पसंत पडत्याल!” आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत व्हरांड्यात थुंकलेले गृहस्थ होते.

७. याहून पुढे काही असेल असे अर्जदाराला वाटले नव्हते. परंतु फळ्यावर सकाळच्या संज्ञा अजून तशाच होत्या. श्री. नाईकनवरे यांनी पट्टीने एकेक संज्ञा दाखवत मतदान घेतले. “समलिंगी म्हणणारे, हात वर.” हात वर झाले. “पारलिंगी म्हणणारे.” पुन्हा हात वर झाले. प्रत्येक संज्ञेपुढे खडूने आकडा लिहिला गेला. एका बाईने दोन्ही वेळा हात वर केला म्हणून तिला दटावले : “एकालाच मत द्या, मावशी.” हे सर्व होईपर्यंत ज्यांच्याविषयी मतदान होते ते फळ्याशेजारी उभे होते. मतदान संपल्यावर श्री. नाईकनवरे म्हणाले, “आता बरोबर उत्तर मॅडम सांगतील.”

अर्जदाराने ओढणीने फळा पुसला आणि म्हटले, “उत्तर नाही. हा प्रश्न त्यांना सोडून दुसऱ्या कुणाला विचारताच येत नाही.”

शास्त्रीयदृष्ट्या हे वाक्य अचूक होते. श्री. नाईकनवरे वळले आणि तितक्याच सहज म्हणाले, “मग त्यालाच विचारू की. सांग रे गुरू, काय हायस तू?”

कुणी हसले नाही, कारण सगळ्यांना उत्तर ऐकायचे होते. अर्जदाराने दिलेले बरोबर वाक्य पट्टीसारखे उचलून त्याच माणसाला लावले गेले होते. तेव्हा श्रीमती येमूल उभ्या राहिल्या. त्यांचे बोलणे शब्दशः असे : “ओ साहेब, पोरगं नको म्हणतंय, कानात बोळं घातल्यात काय समद्यांनी? सकाळी मॅडम घसा फोडून सांगत हुत्या, वळकायचं न्हाय, वळकायचं न्हाय. भाताबरोबर गिळलं व्हय ते? तुमच्या पोराला असं हुबं करा की हितं!”

“बसा मावशी, मज्जा चाललीया. तो बी हसतोय की.”

हे खरे आहे. श्री. हत्तुरे हसत होते. अर्जदाराला निरीक्षणाची सवय असल्याने तिने पुढचेही पाहिले. त्यांच्या हातात प्रोजेक्टरच्या वायरचे टोक होते आणि ते त्यांनी बोटांभोवती इतके आवळून गुंडाळले होते की बोटांची टोके पांढरी पडली होती. मग त्यांनी ती वायर सोडवली, नीट गुंडाळून खोक्यात ठेवली आणि ते निघून गेले. त्यांच्या मागे आभाराचा कार्यक्रम झाला. ‘प्रात्यक्षिकास दिलेल्या सहकार्याबद्दल’ श्री. हत्तुरे यांचे नाव पुकारून गुलाबपुष्प देण्यात आले, आणि ते नसल्याने फूल त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून फोटो काढण्यात आला.

अर्जदाराला किळस आली ती येथे. त्याच सभागृहाने सकाळी अशा माणसांवर नाक मुरडले होते, जी एकमेकांना विचारल्याशिवाय बोटही लावत नाहीत आणि एका शब्दावर थांबतात. त्याच सभागृहाने दुपारी एका माणसाचे तीन नकार माइकवरून ऐकले, त्याच्या मनगटाला पट्टी लावलेली पाहिली, आणि शेवटी त्याला फूल दिले. मेंढीच्या आतड्यात अर्जदाराला असे काही सापडलेले नाही. कृमी निदान ज्याला खातो त्याचे आभार मानत नाही.

८. दि. ६ लाच संध्याकाळी कक्षाच्या मोबाइल गटावर श्री. हत्तुरे यांची चालतानाची चित्रफीत आली. खाली लिहिले होते, ‘प्रात्यक्षिक, नमुना क्र. १’. त्यावर अंगठ्यांच्या खुणा पडल्या. रात्र होण्याआधी ती अक्कलकोट तालुक्यात त्यांच्या गावी पोहोचली होती.

दि. १० चे पत्र आपल्या कक्षाच्या शिक्क्याने निघाले. आपण ते पाहिले नसावे असे मानून त्यातील ओळ उतरवते : ‘सोलापूर येथील प्रात्यक्षिक प्रशिक्षणार्थींना विशेष भावल्याने, तसेच सदर नमुना कार्यालयातच उपलब्ध असल्याने, तो मंगळवार दि. १८ रोजी माळशिरस व त्यानंतर मंगळवेढा येथील शिबिरास कार्यालयीन वाहनाने पाठविण्यात येईल.’ पत्राच्या तळाशी साहित्याच्या रकान्यात लॅपटॉप, प्रोजेक्टर, पाण्याचा जार आणि श्री. हत्तुरे असा क्रम आहे.

दि. १२ चे पत्र अर्जदाराच्या नावे आहे. त्यात ‘सदर कर्मचारी आपण शिकविलेल्या कोणत्या प्रकारात मोडतो याबाबत तज्ज्ञ म्हणून स्वयंस्पष्ट अभिप्राय द्यावा, जेणेकरून पुढील शिबिरांत नमुन्यास योग्य संज्ञा लावता येईल’, असे म्हटले आहे. ते घेऊन आस्थापना शाखेच्या महानंदा मॅडम स्वतः वर आल्या. त्या वाईट नाहीत. त्यांनी अर्जदारासाठी घरून थालीपीठही आणले होते. त्या म्हणाल्या, “सही करून टाका हो. कुठला तरी एक प्रकार लिहा, कोण बघतंय? नाईकनवरे साहेब म्हणाले, डिसेंबरात त्याचं कंत्राट संपतंय, माळशिरसला आला तर वाढवू, नाहीतर सहकार्य नाही असा शेरा मारू. तुम्ही त्याचं भलंच करताय.” थालीपीठ चांगले होते, असे शेजारच्या टेबलावरच्यांनी सांगितले.

म्हणजे श्री. हत्तुरे यांच्यासमोर आज दोनच मार्ग ठेवले आहेत. गावोगाव फळ्याशेजारी उभे राहायचे, किंवा नोकरी गमवायची.

९. (या परिच्छेदात श्री. हत्तुरे यांच्या घरी, त्यांच्या आई श्रीमती निंगव्वा यांच्याशी झालेल्या बोलण्याचा मजकूर होता. अर्जाचा मसुदा श्री. हत्तुरे यांना वाचायला दिला असता त्यांनी हा परिच्छेद काढायला सांगितले. तो काढला आहे. अर्जदाराच्या मते अर्जातला तो सर्वांत चांगला परिच्छेद होता.)

१०. मागविलेल्या अभिप्रायाबाबत. अर्जदार असा अभिप्राय देऊ शकत नाही. ही अवज्ञा समजू नये, कारण जे मोजता येत नाही त्याचा आकडा देता येत नाही, एवढाच हा मुद्दा आहे. मेंढीतल्या पट्टकृमीची जात ठरवायची तर त्याला रंग देऊन काचपट्टीवर घ्यायचे आणि शरीराच्या दोन खंडांमधल्या ग्रंथींची मांडणी पाहायची. ग्रंथी एका पद्धतीने असतील तर एक जात, दुसऱ्या पद्धतीने असतील तर दुसरी. कृमीला विचारावे लागत नाही. माणसाचा कल आणि त्याची ओळख मनगटात, चालीत किंवा आवाजात ठेवलेली नसते. ती त्याने सांगितली तर कळते, आणि त्याने सांगितली नाही तर कळत नाही, कितीही हात वर झाले तरी. श्री. हत्तुरे यांपैकी कोण आहेत, कुणी आहेत की नाहीत, हे अर्जदाराला माहीत नाही. तिने विचारलेले नाही आणि ती विचारणार नाही. एखाद्या माणसाचा आवाज मऊ आहे यावरून काढता येणारा एकमेव शास्त्रीय निष्कर्ष म्हणजे त्याचा आवाज मऊ आहे.

११. तथापि, प्रात्यक्षिकाशिवाय शिबिर पूर्ण धरता येत नाही ही कक्षाची अडचण अर्जदार समजू शकते. म्हणून ती एक पर्याय सुचवते. प्रयोगात केवळ वेगळ्या वाटणाऱ्या नमुन्याकडे बघून भागत नाही. तुलनेसाठी एक सर्वसाधारण नमुनाही ठेवावा लागतो, नाहीतर वेगळे म्हणजे कशाहून वेगळे, हे कळत नाही. दि. ६ रोजी फळ्यावर ‘विषमलिंगी’ ही संज्ञाही होती. तिला एकही मत पडले नाही आणि तिचे प्रात्यक्षिकही झाले नाही. ही उणीव माळशिरस येथे भरून काढावी. श्री. नाईकनवरे यांनी स्वतःविषयी अनेकदा ग्वाही दिलेली असल्याने व ते कार्यालयातच उपलब्ध असल्याने त्यांनी फळ्याशेजारी उभे राहावे. दारापर्यंत चालून दाखवावे. लग्नाआधी किती मुली पाहिल्या, त्यांतल्या किती पसंत पडल्या, कितींनी त्यांना नाकारले, आणि विवाहानंतर जमते की कसे, हे सांगावे. श्री. हत्तुरे यांना विचारलेलेच प्रश्न त्यांना विचारले जातील, एकही जादा नाही. त्यानंतर उपस्थितांनी हात वर करून ते खरोखर विषमलिंगी आहेत किंवा कसे, हे ठरवावे. चित्रफीत काढून त्यांच्या गावी पाठवावी. शेवटी गुलाबपुष्प द्यावे.

हा पर्याय वाचून आपणास शिसारी आली असेल तर अर्जदाराला दि. ६ पासून काय होत आहे, ते आणखी समजावून सांगण्याची आवश्यकता राहणार नाही. मात्र एक फरक नोंदवते. श्री. नाईकनवरे ‘नको’ म्हणाले, तर अर्जदार पहिल्याच वेळी थांबेल.

१२. सबब नम्र विनंती की, दि. १० चे पत्र सोमवारी कार्यालय उघडताच रद्द करावे, कारण मंगळवारी पहाटे गाडी निघते. दि. १२ चे पत्र मागे घ्यावे. श्री. हत्तुरे यांचे कंत्राट त्यांच्या कामावरून ठरवावे. त्यांच्या कामात तीन वर्षांत एकही चूक निघालेली नाही, हे कार्यालयाच्याच वार्षिक शेऱ्यात आहे. चित्रफीत ज्यांनी गटावर टाकली त्यांनी ती काढावी, आणि गटातल्या प्रत्येकाला आपापल्या मोबाइलमधूनही काढायला लेखी सांगावे. जिथे गेली तिथून ती परत येणार नाही हे अर्जदाराला ठाऊक आहे. तरीही सांगावे. श्री. नाईकनवरे यांच्यावर काय कारवाई करायची ते आपण नियमाने ठरवाल. अर्जदाराची सूचना एवढीच की त्यांना गृहपाल म्हणून कुठल्याही वसतिगृहात कधी पाठवू नये.

माळशिरसचे शिबिर घ्यायला अर्जदार तयार आहे. तेथेही वसतिगृहे आहेत, तेथेही कुणीतरी कुणाला तरी काही सांगायला दारापर्यंत येऊन परत जात असेल. श्रीमती येमूल यांनी आपल्या वसतिगृहातून रजा टाकून सोबत येण्याचे कबूल केले आहे. बसवलेला प्रसंग त्या करून दाखवतील. त्यात त्यांना गृहपाल व्हायचे नाही, घाबरलेली मुलगी व्हायचे आहे, असा त्यांचा हट्ट आहे. त्यांचे वय सत्तावन्न आहे. अहवालासाठी फोटो मिळेल.

१३. हा अर्ज श्री. हत्तुरे यांच्या संमतीने दिला आहे. त्यांना तो देऊ नये असे वाटले असते तर दिला नसता. त्यांना स्वतः काही लिहायचे आहे का, असे विचारले असता त्यांनी आधी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी अर्जदाराच्या सहीखाली जागा ठेवायला सांगितली. ती ठेवली आहे. तिथे जे आहे त्यात अर्जदाराने काना-मात्राही बदललेली नाही.

आपली, अजून तरी नम्र,

(सही)
निवेदिता चिंतामणी आराध्ये
सोलापूर, शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) दि. १० व १२ च्या पत्रांच्या प्रती. २) श्रीमती धनलक्ष्मी येमूल यांचे सही केलेले निवेदन. ३) बसवलेल्या प्रसंगाची संहिता. (चित्रफीत पुरावा असूनही जोडलेली नाही. कृपया मागवू नये.)

प्रत माहितीसाठी : श्री. नाईकनवरे, सहायक समन्वयक.

मी माळशिरसला येणार नाही. सोमवारी दहा वाजता कामावर येणार आहे.
गु. सं. हत्तुरे